धातूला चिकटून राहणारा अँटेना

टोलनाक्यावर गाडी मंदावते, वरच्या चौकटीला लावलेला चपटा डबा काचेवरच्या फास्टॅगला हाक मारतो, टॅग आपला क्रमांक सांगतो आणि दांडा वर जातो. 2021च्या फेब्रुवारीपासून चारचाकी वाहनांना हा टॅग सक्तीचा झाला. एवढ्याशा व्यवहारात दोन चपटे अँटेना काम करत असतात आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. टॅगमधला अँटेना म्हणजे स्टिकरच्या पोटातली धातूची पातळ, नागमोडी रेघ. आपल्याकडे ही यंत्रणा 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. तिथली तरंगलांबी सुमारे 35 सेंटिमीटर. साध्या अँटेनाला त्याच्या निम्मी, म्हणजे सतरा सेंटिमीटरच्या आसपास लांबी हवी असते. स्टिकरमध्ये ती मावत नाही म्हणून रेघ दुमडून, वळवून बसवलेली असते. हा टॅग काचेवरच लावायचा. बॉनेटच्या पत्र्यावर चिकटवला तर तो मुका होतो.

डब्यातल्या अँटेनाचे मात्र उलट आहे. त्याच्या पाठीशी धातूचा पत्राच लागतो. पत्र्याशिवाय तो अँटेनाच राहत नाही.

हा फरक समजला की मायक्रोवेव्ह अँटेना चपटा कसा झाला याची निम्मी गोष्ट समजते. वाहत्या विजेच्या शेजारी, तिला समांतर, धातूचा पत्रा ठेवला की पत्र्यात उलट दिशेने प्रवाह उमटतो. अंतर थोडे असेल तर मूळ प्रवाहाच्या लहरी आणि या उलट्या प्रवाहाच्या लहरी दूरवर जाऊन एकमेकींना पुसून टाकतात. टॅग पत्र्यावर मुका होतो तो यामुळे. कित्येक वर्षे अँटेना पत्र्यापासून दूर, दांड्यावर, टोकावर, छपरावर उभा करायचा हाच रिवाज होता. पण ज्याला अँटेना बसवायचा आहे ते यंत्रच धातूचे असेल तर? रॉकेटच्या अंगावर काठी उभी करता येत नाही. हवेचा मारा तिला मोडून टाकेल आणि रॉकेटचीही दिशा बिघडवेल.

1953 साली जॉर्ज देशां यांनी अमेरिकेतल्या एका लष्करी अँटेना परिषदेत एक कल्पना मांडली. विद्युतरोधक पाटीच्या एका बाजूला पूर्ण धातूचा थर, दुसऱ्या बाजूला धातूचा ठरावीक मापाचा तुकडा, बस. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये याच जातीचे पेटंटही घेतले गेले. पुढे जवळपास वीस वर्षे मात्र फार काही हलले नाही. याचे मोठे कारण साहित्यात होते. मायक्रोवेव्ह लहरी ज्यात वाया जात नाहीत अशा चांगल्या पाट्या सहज मिळत नव्हत्या, आणि तो तुकडा नेमका कसा वागेल हे आधी सांगणारे गणितही हाताशी नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाट्या आल्या, तांबे कोरण्याचे तंत्र सुधारले आणि गरज तर होतीच. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी बॉल ब्रदर्सच्या संशोधन कंपनीत रॉबर्ट मन्सन यांनी रॉकेटच्या अंगाभोवती पट्ट्यासारखे गुंडाळता येतील असे अँटेना केले. त्यांचा निबंध 1974चा. त्याच सुमारास जॉन हॉवेल यांनी चौकोनी आणि गोल तुकड्यांची रचना कशी करावी हे सोप्या भाषेत लिहून ठेवले. तो तुकडा म्हणजेच आजचा पॅच, आणि या घराण्याचे नाव मायक्रोस्ट्रिप अँटेना.

1978 साली सीसॅट उपग्रहाने समुद्रावर रडार फिरवले तेव्हा त्याचा अँटेना 10.74 मीटर लांब आणि 2.16 मीटर रुंद होता, आणि तो असंख्य छापील पॅचचा बनला होता. आपल्या रिसॅट-1च्या (2012) सहा मीटर बाय दोन मीटरच्या रडार अँटेनातही हीच कल्पना आहे. सपाट, हलका, घडी घालता येणारा आणि छापता येणारा असा अँटेना अवकाशात न्यायला मिळणे ही किती मोठी सोय आहे, हे काठ्या आणि बशा वाहून नेलेल्यांना नीट कळते.

मग पत्र्याला चिकटूनही हा पॅच मुका का होत नाही? मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. पॅचमधला प्रवाह तर पत्र्याला समांतरच आहे, तो पुसला जायलाच हवा. आणि खरोखरच तो फारसे काही बाहेर पाठवत नाही. लहरी बाहेर पडतात त्या पॅचच्या दोन कडांपाशी, तांबे संपते तिथल्या फटीतून. पॅचची लांबी आतल्या लहरीच्या निम्मी ठेवलेली असते. त्यामुळे एका कडेला विद्युतक्षेत्र वर जाते तेव्हा दुसऱ्या कडेला ते खाली येते. उभ्या दिशेने पाहिले तर दोन्ही कडा एकमेकींच्या विरोधात आहेत. पण कडेला हे क्षेत्र सरळ उभे राहत नाही, ते बाहेर झुकते. एका टोकाला ते खाली आणि बाहेर झुकते, दुसऱ्या टोकाला वर आणि आत. या झुकलेल्या क्षेत्रांचा आडवा भाग मात्र दोन्हीकडे एकाच दिशेला असतो. वरून बघणाऱ्याला त्या दोन फटी एकासुरात काम करताना दिसतात, आणि फटीतल्या अशा आडव्या क्षेत्राला खालचा पत्रा पुसत नाही, उलट जोर देतो. तांब्याचा तुकडा दिसतो मोठा, पण खरे काम त्याच्या दोन रेघांएवढ्या कडा करतात.

लांबी अर्धी लहर का, हे वेळूची दोन्ही बाजूंनी उघडी नळी फुंकली तरी कळते. नळीच्या लांबीत अर्धी लहर बसेल तोच तिचा मूळ सूर. नळी लांब केली की सूर उतरतो, आखूड केली की चढतो. एक तोंड बंद केले तर तीच नळी एक सप्तक खाली बोलते, हेही लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आता एक खरा पॅच करून पाहू. वायफाय आणि ब्लूटूथचा पट्टा 2.4 गिगाहर्ट्झपासून सुरू होतो. मध्य 2.45 धरला तर हवेतली लहर साधारण 122 मिलिमीटर, अर्धी 61. पाटी म्हणून आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सर्रास मिळते ती हिरवट काचतंतूंची एफआर-फोर, जाडी 1.6 मिलिमीटर. हिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 4.4च्या आसपास, म्हणजे तिच्यात लहर निम्म्याहून थोडी आखूड होते. कडेबाहेर झुकलेल्या क्षेत्रामुळे पॅच विजेला त्याच्या मापापेक्षा दोन्ही टोकांना पाऊण पाऊण मिलिमीटर लांब भासतो, तेवढे कापून टाकायचे. हिशोब येतो 28.8 मिलिमीटर लांबी आणि 37.3 मिलिमीटर रुंदी. जोडणी कडेला दिली तर तिथे अडथळा शेकडो ओहमचा, मधोमध दिली तर शून्य. केबल असते 50 ओहमची. म्हणून कडेपासून लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आत भोक पाडून पिन सोल्डर करायची. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पाटी बुडवून नको असलेले तांबे खाऊन टाकायचे आणि अँटेना तयार.

तयार झाला खरा, पण तो 2.45लाच बोलेल याची खात्री नाही. एफआर-फोर ही मुळात साध्या सर्किटांसाठी केलेली पाटी आहे. तिचा स्थिरांक एका खेपेत 4.2, दुसऱ्या खेपेत 4.6 निघू शकतो. तेवढ्याने पॅचची वारंवारता सुमारे 110 मेगाहर्ट्झने इकडची तिकडे होते. वायफायचा अख्खा पट्टाच 83.5 मेगाहर्ट्झचा आहे! म्हणजे माप अगदी बरोबर काढूनही पॅच पट्ट्याबाहेर जाऊन बसू शकतो. पाटी द्रावणात जरा जास्त वेळ राहिली आणि तांबे एक तृतीयांश मिलिमीटर जास्त खाल्ले गेले, तरी वारंवारता एका टक्क्याने वर सरकते. म्हणून अनुभवी माणूस पहिल्या नमुन्यावरूनच पाटीचा खरा स्थिरांक उलटा काढतो आणि दुसरा नमुना त्या आकड्यावर करतो. विद्यार्थ्यांना मी हीच गोष्ट सर्वांत आधी सांगेन. संगणकावरचा आलेख सुंदर आला म्हणजे अँटेना झाला असे नाही, आलेखाला दिलेला आकडा तुमच्या हातातल्या पाटीचा आहे का ते पाहा.

शिवाय एफआर-फोर लहर खाते. पॅचमध्ये क्षेत्र बराच वेळ पुढेमागे आपटत राहते, तेवढा वेळ पाटी त्यातली शक्ती उष्णतेत घालवत असते. दिलेल्या शक्तीपैकी निम्मीच बाहेर पडली असे या पाटीवर सहज घडते. टेफ्लॉन जातीच्या महाग पाट्यांत हा ऱ्हास वीसपट कमी असतो. पण त्यांचा स्थिरांक 2.2च्या आसपास, म्हणून पॅच मोठा होतो. पुन्हा जागेचा प्रश्न उभा राहतो.

आणि चपट्या अँटेनाची सगळी गंमत, सगळे दुखणेही, याच प्रश्नात आहे. हॅरल्ड व्हीलर यांनी 1947 साली आणि एल. जे. चू यांनी 1948 साली दाखवून दिले की अँटेना लहरीच्या मानाने लहान करत गेलात तर तो किती रुंद पट्ट्यात काम करेल याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. कारागिरी कितीही वाढवली तरी ती ओलांडता येत नाही. लहान अँटेना ज्या गोलात मावतो त्याची त्रिज्या निम्मी केली की मिळू शकणारी बँडविड्थ ढोबळमानाने एक-अष्टमांश होते. रुंदी हवीच असेल तर शक्ती वाया घालवून मिळते, पण मग अँटेना कमी आणि शेगडी जास्त. तेव्हा लहानपणा, रुंदी आणि कार्यक्षमता यांतले काहीतरी द्यावेच लागते. माझ्या मते चांगला अँटेना करणारा ओळखायचा तो इथे: समोरच्या कामाला काय नको आहे हे तो आधी शोधतो आणि तेवढेच सोडतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण गाड्यांचा माग ठेवणाऱ्या डब्यात असते. तो उघडला तर आत 25 मिलिमीटर चौरस, चार मिलिमीटर जाड सिरॅमिकची वडी दिसते, तिच्यावर चांदीचा मुलामा, मध्याशेजारी एक टिंब आणि मुलाम्याचे दोन समोरासमोरचे कोपरे किंचित कापलेले. हा जीपीएसचा अँटेना. उपग्रहांची लहर 1575.42 मेगाहर्ट्झची, तिची अर्धी लांबी हवेत 95 मिलिमीटर. ती 25 मिलिमीटरच्या आत बसवायला स्थिरांक वीसच्या आसपास असलेले सिरॅमिक वापरतात. त्यामुळे पट्टा भलताच अरुंद होतो. पण जीपीएसच्या नागरी संकेताला लागतो किती? जेमतेम दोन मेगाहर्ट्झ. जी गोष्ट गमावली ती इथे लागतच नव्हती. म्हणूनच ही वडी जगभर इतकी पसरली.

कापलेल्या कोपऱ्यांचेही काम आहे. पूर्ण चौकोनात दोन दिशांची आंदोलने अगदी एकाच वारंवारतेला होतात. कोपरे कापले की ती दोघे एकमेकांपासून किंचित दूर होतात, एक जरा पुढे, एक जरा मागे, आणि बरोबर मापाने कापले तर त्यांच्यात पाव फेरीचा फरक पडतो. मग बाहेर पडणारी किंवा आत येणारी लहर स्क्रूसारखी फिरते. उपग्रहाची लहर उजवीकडे फिरणारी असते. ती इमारतीवर आपटून आली की बहुधा डावीकडे फिरू लागते आणि हा अँटेना तिला फारसे आत घेत नाही. दाट वस्तीत नकाशावरचा ठिपका बाजूच्या गल्लीत उडी मारतो ती याच आपटून आलेल्या लहरींची करामत. कोपऱ्यावरचा मिलिमीटरभर काप ती बरीच आवरतो.

अरुंद पट्ट्याची किंमत मात्र वेगळ्या वाटेने वसूल होते. वडीवर प्लॅस्टिकचे झाकण बसवले की क्षेत्राचा काही भाग प्लॅस्टिकमधून जाऊ लागतो आणि वारंवारता काही मेगाहर्ट्झने खाली घसरते. उघड्यावर तपासून उत्तम ठरलेला अँटेना डब्यात बंद केला की त्याला ऐकू येईनासे होते. म्हणून अशा वडीचे सूर झाकणासकट, खाली येणाऱ्या बोर्डासकट लावायचे असतात. तसेच एकट्या जीपीएसवर न थांबता रशियाचे ग्लोनास आणि चीनचे बैदू हेही ऐकायचे ठरवले की 1560पासून 1606 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा लागतो, आणि मघाशी जे नको होते ते अचानक हवे होते. वडी जाड करा किंवा कुठेतरी तडजोड करा.

नाविक या आपल्या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेच्या वाटेतही हा जागेचा प्रश्न आला. सुरुवातीच्या उपग्रहांच्या नागरी सेवेच्या लहरी 1176.45 आणि 2492.028 मेगाहर्ट्झवर होत्या. पहिलीची अर्धी लहर जीपीएसपेक्षा एक तृतीयांशाने लांब, दुसरीला अगदी वेगळाच पॅच. मोबाइलच्या कोपऱ्यात आधीच दाटी असताना नव्या वारंवारतेसाठी जागा आणि खर्च मागणे सोपे नसते. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01पासून नाविकने 1575.42ची लहरही सुरू केली, म्हणजे जीपीएसची तीच वडी तिलाही चालते. अँटेनाची एक मिलिमीटरही जागा न वाढवता नवी यंत्रणा खिशात यावी, यासाठी उपग्रहाचा आराखडा बदलला. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

लहान करण्याची दुसरी वाट वेळूच्या बंद तोंडाची. पॅचच्या मधोमध रेघेवर विद्युतक्षेत्र शून्य असते. तिथे तांब्याची भिंत उभी करून पॅच पत्र्याला जोडला तरी काही बिघडत नाही, आणि मग पलीकडचा अर्धा पॅच कापून टाकता येतो. 28.8 मिलिमीटरचे काम 14.4मध्ये होते. कड एकच उरली म्हणून गेन, म्हणजे एका दिशेला लहर एकवटण्याची ताकद, उतरतो, हे ओघाने आलेच. भिंतीच्या जागी अरुंद पट्टी ठेवली तर पॅच आणखी लहान होतो. तिच्याजवळच जोडणी दिली की पिफा नावाचा अँटेना तयार होतो. जपानमध्ये 1980च्या दशकात हातातल्या रेडिओंसाठी त्याचा कसून अभ्यास झाला. मोबाइलच्या डोक्यावरची ती ओढून लांब करायची काडी आठवत असेल. 1999च्या नोकिया 3210पासून ती सर्वसामान्यांच्या हातातून जाऊ लागली, कारण चपटे अँटेना पाठीच्या झाकणाखाली गेले. त्या छोट्या पट्टीने 900 मेगाहर्ट्झ एकटीने सांभाळले असेही नाही. इतक्या खालच्या वारंवारतेला फोनचा अख्खा बोर्डच अँटेना होतो, पट्टी त्याला फक्त जागवते. त्यामुळे फोन कसा धरला यावर सिग्नल अवलंबून राहतो.

तिसरी वाट चिरांची. पॅचमध्ये फटी कापल्या की प्रवाहाला वळसा घेऊन जावे लागते, वाट लांबते, सूर उतरतो. याच फटी दुसऱ्या तऱ्हेने कापल्या तर त्या स्वतःचा वेगळा सूर धरतात, आणि दोन जवळचे सूर जोडले की पट्टा रुंदावतो. इंग्रजी यू आणि ई अक्षरांच्या आकाराचे पॅच त्यातूनच आले. रुंद पट्ट्याच्या या शोधात भारतीयांचा वाटा मोठा आहे. गिरीश कुमार आणि के. सी. गुप्ता यांनी 1984-85च्या सुमारास मूळ पॅचच्या शेजारी, जराशी फट सोडून, आणखी पॅच मांडून पट्टा कितीतरी पटींनी वाढवून दाखवला. शेजारच्या पॅचला तार जोडायची नाही, तो फटीतूनच शक्ती उचलतो. पुढे पवईच्या आयआयटीत गिरीश कुमार आणि त्याच आवारातल्या समीर संस्थेतले के. पी. रे यांनी मिळून रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवर पुस्तक लिहिले, ते 2003 साली निघाले. या विषयातल्या लोकांच्या टेबलावर ते आजही असते. शेजारी मांडलेले पॅच जागा मात्र खातात. रुंदी मिळाली, लहानपणा गेला. चू यांचा हिशोब इथेही चुकत नाही.

एक चूक नवशिक्यांकडून नेहमी होते, ती सांगितलीच पाहिजे. पॅच लहान करण्याच्या नादात खालचा पत्राही पॅचएवढाच ठेवला जातो. गणितात पत्रा अनंत धरलेला असतो, त्यामुळे कागदावर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात कडेवरून लहर मागे वळते, गेन पडतो, वारंवारता सरकते आणि पत्र्याला जोडलेली केबलसुद्धा लहरी फेकू लागते. मोजमाप करताना केबल हाताने धरावी. आलेख हलला तर समजावे की केबल अँटेनात सामील झाली आहे. लहान अँटेनाचे माप सांगताना पत्र्याचे माप न सांगणे मला अप्रामाणिकपणाचेच वाटते.

वरच्या वारंवारतांना गेले की सगळा हिशोब उलटतो. आपल्याकडे 5जीसाठी 26 गिगाहर्ट्झचा पट्टाही दिला गेला आहे. तिथे हवेतली अर्धी लहर सहा मिलिमीटरहून कमी आणि पाटीवरचा पॅच तीन-चार मिलिमीटरचा. आता लहान करायची गरजच नाही. उलट एकटा पॅच इतका लहान की तो झेलत असलेली शक्ती पुरत नाही, म्हणून चार-चार पॅच रांगेत बसवून त्यांना एकाच दिशेला वळवावे लागते. मघाशी एक तृतीयांश मिलिमीटरच्या चुकीने वारंवारता एक टक्का हलत होती. इथे तेवढ्याच चुकीने ती दहा टक्के हलेल. एफआर-फोर इथे वापरतच नाहीत. आणि या लहरी बोटातून पार होत नाहीत, त्यामुळे अशी रांग एकाच जागी ठेवून भागत नाही. फोनच्या वेगवेगळ्या कडांना दोन-तीन रांगा ठेवतात, आणि ज्या रांगेवर हात आला नसेल तिच्याकडे फोन क्षणार्धात काम सोपवतो.